मोजकी पावलं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहावा अध्याय ध्यानयोगाचा. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, मन कसं आवरावं हे सगळं सांगता सांगता भगवंत मध्येच एकदम घरगुती विषयावर येतात. खाणं, झोप, हिंडणं-फिरणं, कामधंदा. सोप्या भाषेत सांगायचं तर, अति खाणाऱ्याला योग जमत नाही आणि उपाशी मरणाऱ्यालाही जमत नाही. लोळत पडणाऱ्याला नाही, तसाच रात्र रात्र जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं हे सगळं बेताचं आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आजीसुद्धा सांगायची. यात देवाने सांगण्यासारखं काय आहे? पण मागच्या शनिवार-रविवारी आमच्या घरात हे दोन श्लोक अक्षरशः जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. म्हणून आज त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द 'विहार'. आज आपण विहार म्हटलं की सहल किंवा नौकाविहार डोळ्यांसमोर येतो. आदि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या शब्दाचा अर्थ फार साधा घेतला आहे: पावलं टाकणं, चालणं. म्हणजे गीतेत खाण्याच्या बरोबरीने पायांचाही हिशोब आहे. माऊलींनी तर ज्ञानेश्वरीत या श्लोकावर बोलताना सगळ्यालाच माप लावलंय. अन्न मापून घ्यावं, बोलणं मोजकं असावं, चालणंही मोजक्या पावलांचं असावं, झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, आणि जागायचं तर तेही बेताने. 'झोपेला मान द्यावा' ही कल्पना बघा किती गोड आहे. आपण झोपेला उरलासुरला वेळ देतो. माऊली म्हणतात, तिचा मान राखा.

दुसरा शब्द 'युक्त'. योग आणि युक्त हे एकाच धातूतून आलेले सख्खे भाऊ. मूळ अर्थ जोडणं, जुंपणं. घोडा रथाला जुंपला की तो युक्त. म्हणजे गीतेतला बेत हा आळशी माणसाचा बेत नाही. घोडा जुंपलेलाच आहे, रथ ओढायचाच आहे. फक्त तो असा ओढायचा की उद्याही ओढता येईल. हा घोडा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आमचा शनिवार

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात खेळणारी मुलं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, आणि शनिवारी सकाळी सहाला खरी ड्युटी सुरू. आमच्याकडे त्या दोन दिवसांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं होतं:

शनिवार, सकाळी ७: धाकट्याची ८० मीटर धावण्याची शर्यत.
शनिवार, दुपारी ३: लेकीची खो-खोची उपांत्य फेरी.
रविवार, पहाटे ५:३०: बायकोची पहिली हाफ मॅरेथॉन. २१ किलोमीटर आणि वर थोडं.
रविवार, सकाळी १०: उपांत्य फेरी जिंकलो तर अंतिम सामना.

मधल्या सगळ्या रिकाम्या जागांत डबे, पाण्याच्या बाटल्या, मळके मोजे आणि पार्किंग.

धाकटा सात वर्षांचा. आठ जणांत सातवा आला. अंतिम रेषा ओलांडून थेट माझ्याकडे पळत आला आणि म्हणाला, "बाबा, मी एकाला हरवलं! आता भेळ?" समत्वावर मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात छोटं प्रवचन.

दुपारी लेकीचा संघ जिंकला. ती अकरा वर्षांची आहे आणि खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. पुण्यात वाढणाऱ्या मुलीला हा खेळ आवडावा याचं मला फार कौतुक वाटतं. याच शहरात, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली या खेळाला नियमांत बसवायचं काम सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या घरात प्रियांका इंगळेचा फोटो अभ्यासाच्या टेबलासमोर आहे, वेळापत्रकाच्याही वर.

पण सामना संपवून गाडीकडे येताना लेक लंगडत होती.

टाचेचा प्रश्न

तिची टाच गेले काही आठवडे दुखत होती. डॉक्टरांना दाखवलं होतं. वाढत्या वयात, साधारण आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. टाचेच्या मागच्या बाजूला हाडाचा वाढता भाग असतो, पोटरीचा स्नायू त्याला ओढत राहतो आणि पळण्या-उड्या मारण्याने तिथे दाह होतो. नाव भारदस्त, सेव्हर्स डिसीज, पण घाबरण्यासारखं काही नाही. हाड वाढून पक्कं झालं की जातं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: थोडं दुखलं तर बेताने खेळू दे, लंगडायला लागली की खेळ बंद. पूर्ण विश्रांती.

आणि आता ती लंगडत होती. रविवारी सकाळी दहाला फायनल.

तिच्या प्रशिक्षक ताईंना फोन केला. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "सर, पट्टी बांधून बघायचं का? ती संरक्षणात फार चांगली आहे हो. पण तुम्ही म्हणाल तसं." त्यांचंही बरोबरच होतं. वर्षभर मुलींबरोबर मातीत उभं राहणारी ती बाई, फायनलचं महत्त्व तिला माहीत नसेल तर कुणाला असेल?

बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. निर्णयाबद्दल शंका नव्हती. पण तो अकरा वर्षांच्या मुलीला सांगायचा कसा? टेबलावर वरणभात गार होत होता. आम्ही सांगितलं. ती रडली नाही. तिने सरळ मला प्रश्न विचारला, कारण रोज सकाळी मी काय वाचतो ते तिला माहीत आहे.

"बाबा, कृष्ण तर अर्जुनाला 'लढ' म्हणाला होता ना? मग तू मला 'बस' कसा म्हणतोस?"

मंडळी, गीतेवर इतका थेट प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

कृष्णाने घोडे सोडले तो दिवस

मी तिला द्रोणपर्वातली गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

युद्धाचा चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू पडलाय. अर्जुनाने प्रतिज्ञा केलीय की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. अख्ख्या महाभारतात याहून कडक डेडलाइन सापडायची नाही. सूर्य पुढे सरकतोय, जयद्रथ अजून लांब आहे, मध्ये कौरवांचं सगळं सैन्य. आणि अशा वेळी रथाचे घोडे थकलेले, बाणांनी जखमी झालेले.

तेव्हा अर्जुन आणि कृष्ण काय ठरवतात? भर रणांगणात रथ थांबवायचा आणि घोडे सोडायचे.

अर्जुन रथातून खाली उतरतो आणि पायी उभा राहून चहूबाजूंनी येणारं सैन्य थोपवून धरतो. घोड्यांना प्यायला पाणी नाही, तर बाणाने जमिनीतून पाणी काढतो. आणि साक्षात भगवंत, ज्यांनी तेराच दिवसांपूर्वी विश्वरूप दाखवलं, ते घोड्यांच्या अंगातले बाण उपटून काढतात, त्यांना पाणी पाजतात, त्यांचं अंग चोळतात. घोडे ताजेतवाने झाले की मगच परत जुंपतात.

'लढ' सांगणारा आणि घोडे सोडणारा कृष्ण एकच आहे. 'युक्त' म्हणजे जुंपलेला, असं वर म्हटलं ना? घोडे कधी जुंपायचे हे सारथ्याला कळतंच. कधी सोडायचे हे ज्याला कळतं, तो योगेश्वर.

आणि अर्जुनाला 'लढ' का सांगावं लागलं, तेही बघा. त्याचं शरीर धडधाकट होतं, पण मन मोहाने गळून गेलं होतं. कृष्णाने त्याला जिंकायची हमी देऊन उठवलं नाही. जय आणि पराजय सारखे मान आणि मग उभा राहा, असं दुसऱ्या अध्यायात सांगितलं. म्हणजे 'लढ' हा सरसकट आदेश नाहीच. प्रश्न असा असतो की आत्ता मला कोण चालवतंय? मोह, भीती, लोक काय म्हणतील, की विवेक? मोहापायी माणूस रणातून पळतो, आणि कधी कधी मोहापायीच रणातून हटत नाही.

लेकीने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण बाबा, त्यांनी घोडे सोडले तरी संध्याकाळपर्यंत जयद्रथाला मारलंच. माझी फायनल तर जाणार."

याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "हो. तुझी जाणार."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी बसते. पण गणवेश घालून बसणार."

खो-खोमधलं बसणं

रविवारी ती गणवेश घालून मैदानाच्या कडेला बसली. तिच्या शेजारी बसून सामना बघताना मला हा खेळ नव्याने दिसला.

पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. त्यातला पळत असतो फक्त एक. आठ जण बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. 'खो' मिळाल्याशिवाय उठायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. 'खो' पाठीमागून मिळतो, म्हणजे तो कधी येणार हे नीट दिसतही नाही. आणि ज्याने 'खो' दिला त्याने मुकाट तुमच्या जागेवर बसायचं, भले तो संघातला सगळ्यात वेगवान का असेना. जो बसायला तयार नाही, त्याचा संघ फाउल करून हरतो.

सतत आपणच पळत राहायला पाहिजे, आपण थांबलो तर सगळं थांबेल, हा समज आपल्या पिढीच्या फार अंगात मुरलाय. आम्ही इंजिनिअर लोक सर्व्हर कधी शंभर टक्के क्षमतेला चालवत नाही. मुद्दाम काही भाग मोकळा ठेवतो, कारण एकदा का तो काठोकाठ भरला की थोड्या जास्तीच्या कामानेही रांगा लागतात आणि सगळंच गोगलगाय होतं. यंत्राला आपण ही दया दाखवतो. स्वतःला आणि मुलांना मात्र शनिवार-रविवार धरून शंभर टक्के.

वारीचं बघा ना. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पालखी एका दमात पळत नाही. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, पुण्यातच दोन रात्री. दिवे घाटाची चढण चढायच्या आधीची ही विश्रांती. आणि त्याच वारीत धावणंही आहे. रिंगणात अश्व धावतो. पुढे वेळापूरच्या अलीकडे 'धावा' होतो. तुकोबांना इथूनच पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून वारकरीही तिथे उतारावरून धावत सुटतात. चालणं, विसावणं आणि धावणं, तिन्ही विठ्ठलासाठी. माझी आई वारीला जाऊन आली तेव्हा म्हणाली होती, "विसाव्याला बसलं तरी वारी चालूच असते रे." त्या रविवारी मैदानाच्या कडेला मला ते समजलं.

मग काय झालं?

संघ एका गुणाने हरला.

लेक रडली. मोठ्याने रडली. तिच्या मैत्रिणी रडल्या. "तू असतीस तर..." असं एक मैत्रीण म्हणालीच. तेवढ्यात बायको थेट मॅरेथॉनवरून पोहोचली. पाच महिने पहाटे उठून तिने तयारी केली होती आणि तिची पहिलीच हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली होती. पण मैदानात पाऊल टाकायच्या आधी तिने गळ्यातलं पदक काढून खिशात टाकलं. लेकीला जवळ घेतलं आणि काही बोललीच नाही. मोजकं बोलणंसुद्धा त्याच मापात येतं ना?

घरी जाताना गाडीत लेकीने विचारलं, "आई, तू पूर्ण धावलीस?" ती म्हणाली, "नाही गं. शेवटचे तीन किलोमीटर चालले. ऊन झालं होतं, गुडघा कुरकुरत होता." लेक एवढंच म्हणाली, "बरं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत ती कुणाशी धड बोलत नव्हती.

आता खरा प्रश्न. भगवंत १७ व्या श्लोकात म्हणतात की असा बेताचा योग दुःखाचा नाश करतो. मग आम्ही तर बेतानेच वागलो, तरी आमच्या घरात दुःख आलंच की! मग गीता खोटी पडली का?

यावर मी आठवडाभर विचार केला. मला उमगलं ते असं. बेताने वागणाऱ्याला दुःख भेटणारच नाही, असं भगवंत कुठे म्हणत नाहीत. दुःख येतं. पण दुःखाचे दोन प्रकार आहेत. एक आयुष्य देतं: हार, वियोग, हुकलेली संधी. ते येतं, रडवतं आणि वेळ झाली की जातं. दुसरं आपण स्वतःच्या अतिरेकाने तयार करतो, आणि ते साचत जातं. दुखऱ्या टाचेवर वर्षभर खेळून खेळाचाच वीट येणं, जागरणांनी चिडचिडा झालेला बाप, मुलांच्या पदकांवर उभा असलेला आईबापाचा अहंकार. योग नाश करतो तो या दुसऱ्या दुःखाचा. आणि ते कमी झालं की पहिलं दुःख पेलायला अंगात बळ उरतं.

पुढे याच अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. खेळाडूंना अभ्यास कळतो, रोजचा सराव. वैराग्य म्हटलं की आपल्याला भगवी वस्त्रं आठवतात. माझ्या मते अकरा वर्षांच्या मुलीने हवीहवीशी फायनल सोडून, गणवेश घालून, कडेला बसून मैत्रिणींसाठी घसा बसेपर्यंत ओरडणं हेही वैराग्यच आहे. छोटं, रडवेलं, पण अस्सल.

या आठवड्यासाठी

ज्यांच्या घरी असेच धावपळीचे शनिवार-रविवार असतात, त्यांच्यासाठी तीन छोटे संकल्प. मीही करतोय.

१. वेळापत्रकात विसावा लिहा. 'वेळ मिळाला तर' असं नाही, चक्क लिहा. शनिवार-रविवारातले दोन तास, ज्यात कुणालाच कुठेही पोहोचायचं नाही. मुलं, आजी-आजोबा, फोन बाजूला. हरिपाठ म्हणा, नाहीतर नुसते गच्चीत बसा.

२. झोपेला मान द्या. पहाटे धावायला जायचं असेल तर रात्रीची मालिका सोडा. दोन्ही टोकं ओढली की मेणबत्ती काय, माणूससुद्धा तुटतो.

३. मूल खेळून आलं की निकालाच्या आधी दुसरं काहीतरी विचारा. "मजा आली का?" किंवा "पाय कसा आहे?" पुरतं. गुणफलक कुठे पळून जात नाही.

आणि नोकरीत, धावण्यात, साधनेत, जिथे कुठे तुम्ही आत्ता जुंपलेले आहात, तिथे दिवसातून एकदा सारथ्याला विचारा: घोडे कसे आहेत? आपला सारथी बाण उपटायला आणि पाणी पाजायला कमीपणा मानणारा नाही. आपण रथ थांबवायला तयार आहोत का, एवढंच तो बघतो.

आजची प्रार्थना

हे पार्थसारथी, आम्हाला धावायला पाय दिलेस, धावायला कारणही दे. आणि थांबायची वेळ आली की लाज न वाटता थांबायची बुद्धी दे. आमच्या मुलांना जिंकण्यातलं सुख आणि हरण्यातला धीर, दोन्ही तुझ्याच हातून मिळो. आमचं खाणं, झोपणं, बोलणं, चालणं तुझ्या मापात राहो. पाऊल मोजकं असलं तरी चालेल, ते तुझ्या दिशेने पडो.

राम कृष्ण हरी!

उद्या श्लोक १८. तोपर्यंत आज रात्री वेळेवर झोपा, हाच आजचा गृहपाठ.